सीआर कुणाचा, वर्गाचा की सरांचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तंत्रनिकेतनात तीन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या अधिव्याख्याता मॅडमकडे यंदा विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीचं काम आलं. त्यांनी चिठ्ठ्या टाकून रीतसर मतदान घेतलं, तर निम्मी मुलं फिरकलीच नाहीत. निवडून आलेल्या सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, वर्ग विचारत नाही. अडचण आली की मुलं थेट ऑफिसात जातात, नाहीतर बाहेरच्या कुठल्या तरी 'भाऊ'ला फोन लावतात. त्या विचारतात, मुलं स्वतःच निवडलेल्या प्रतिनिधीकडे नेमकं कसं पाहतात? आणि ही निवडणूक पुढे चालू ठेवावी का?

मॅडम, निम्मी मुलं आली हे वाचून मला तर बरंच वाटलं. मी पहिल्यांदा निवडणूक घेतली तेव्हा शंभर टक्के मतदान झालं होतं, कारण मी दारात उभा होतो आणि हात वर करायला सांगितले होते. तेव्हा मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो, नवा होतो आणि आवाज मोठा होता. एका चुणचुणीत मुलाला मीच पुढे बोलावलं, "हा चालेल ना?" असं विचारलं आणि तो एकमताने निवडून आला. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमागच्या कट्ट्यावर त्याला 'सरांचा माणूस' हे नाव पडलं. दोन वर्षांत ते काही पुसलं गेलं नाही. तो मुलगा चांगला होता हो. चूक माझी होती.

अकरा वर्षं आयटीआयमध्ये आणि त्यानंतर आजवर तंत्रनिकेतनात काढल्यावर मला एक गोष्ट पक्की दिसते. प्रतिनिधी कसा निवडला यावरून मुलं त्याला जोखत नाहीत. तो आत जाऊन आल्यावर आमच्यापर्यंत काय घेऊन आला, यावरून जोखतात. गुप्त मतदान, चिठ्ठ्या, मोजणी हे सगळं हवंच. पण त्याने फार तर पहिल्या पंधरा दिवसांची पत मिळते, पुढची ज्याची त्याला कमवावी लागते.

आपल्याकडे ती कमावणं कला-वाणिज्य कॉलेजपेक्षा अवघड आहे. तिथे प्राध्यापक तासाला येतात आणि जातात. आयटीआयमध्ये एकच निदेशक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच वीस-चोवीस पोरांसोबत असतो. डिप्लोमात प्रत्येक प्रॅक्टिकलवर सही लागते, टर्मवर्कचे, म्हणजे सत्रभरातल्या कामाचे, मार्क आपल्या हातात, ओरलला समोर आपणच बसलेलो. आता सीआरने वर्गाच्या वतीने तक्रार न्यायची ती कुणाकडे? ज्याच्या टेबलावर त्याची स्वतःची फाईल सहीसाठी पडून आहे त्याच्याचकडे. मुलं भोळी नसतात. आपला सीआर किती ताणू शकेल याचा अंदाज त्यांनी आधीच बांधलेला असतो. म्हणून आपल्यासाठी त्याने भांडावं अशी अपेक्षा ती ठेवतच नाहीत. त्यांच्या अपेक्षा तीनच असतात. सबमिशनची तारीख पुढे ढकलून आणावी. आतली खबर लवकर सांगावी. आणि मुख्य म्हणजे कोण काय बोललं ते सरांना सांगू नये.

ही तिसरी अपेक्षा आपण शिक्षक कायम विसरतो. आपण सीआरला हाताशी धरतो आणि विचारतो, "काल मागच्या बाकावर दंगा कोणी केला रे?" हजेरीपत्रक त्याच्याकडे देतो, डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, त्याच्याकडून ग्रुपवर टाकून घेतो, मॅन्युअलचे आणि झेरॉक्सचे पैसे त्यालाच गोळा करायला लावतो. मग वर्गाला तो प्रतिनिधी न वाटता बिनपगारी शिपाई वाटतो. माझ्या एका वर्गाने सीआरचं नाव मोबाईलमध्ये 'कुरिअर' असं सेव्ह केलं होतं. पार्सल आलं तर घ्यायचं, पण कुरिअरवाल्याला मनातलं कोण सांगतं?

प्रतिनिधीची खरी परीक्षा मास बंकच्या, म्हणजे अख्ख्या वर्गाने दांडी मारायच्या, दिवशी होते. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाने गणपतीच्या आदल्या दिवशी गावी जायचं ठरवलं. त्या वर्षीचा सीआर एकटा वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसला. आम्ही स्टाफरूममध्ये त्याचं कौतुक केलं आणि त्या दिवसापासून वर्गाने त्याला काहीही सांगणं बंद केलं. पुढच्या वर्षीचा सीआर आदल्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, उद्या कुणी येणार नाही. मीही नाही. तुमचं प्रॅक्टिकल सुट्टीनंतरच्या शनिवारी लावा, सगळ्यांना आणायची जबाबदारी माझी." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण मी शनिवार दिला. त्या दिवशी चार जण सोडून सगळे आले. त्याने मला आधी सांगितलं होतं हे कळल्यावर काहींनी त्याला चोंबडा म्हटलं, बाकीच्यांनी म्हटलं की त्याच्यामुळे टर्मवर्क वाचलं. वर्गाचं एकमत झालं नाहीच. पण पुढच्या अडचणीला दोन्ही गट त्याच्याकडेच गेले.

दुसरी गोष्ट मशीन शॉपची. सहा लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं, त्यातले दोन बंद, बॅच वीस जणांची आणि जॉब टेपर टर्निंगचा. एका लेथवर पाच-पाच जण उभे, एक करणार आणि चार बघणार. एका वर्षीचा सीआर विभागप्रमुखांकडे गेला आणि परत येऊन म्हणाला, "सर बघतो म्हणाले." त्यानंतर महिनाभर काहीच नाही. 'बघतो' या शब्दाचा अर्थ आपल्या पोरांना शाळेपासून ठाऊक आहे. त्यानंतरच्या सीआरच्या वेळीही दोन लेथ बंदच होते. तो आत जाऊन आला आणि शॉपमधल्या फळ्यावर त्याने खडूने लिहिलं: 'लेथ ३, मोटर रिवाइंडिंगला गेली, गुरुवारी येईल. लेथ ५, चकचे जॉ मागवले आहेत, बिल मंजूर नाही, या टर्मला धरू नका.' यातली दुसरी ओळ सरळ नकाराची आहे. तरीही त्या फळ्याने त्याला जेवढं वजन दिलं तेवढं मतपेटीनेही दिलं नव्हतं. गुरुवारी मोटर आली नाही, शनिवारी आली. त्याने 'गुरुवारी' खोडून 'शनिवारी' लिहिलं. ते खोडणं बघून मागच्या बाकावरची पोरंसुद्धा त्याला नावाने हाक मारायला लागली.

आता थोडं मागे जातो, कारण मुलांची उदासीनता आभाळातून पडलेली नाही. महाराष्ट्रात एके काळी कॉलेजच्या निवडणुका जोरात व्हायच्या. हाणामाऱ्या होत, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत या वैरातून खूनही पडला. मग १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक बंद केली आणि वर्गात पहिला येणारा तो प्रतिनिधी असं धोरण आलं. दोन पिढ्या अशा गेल्या की सीआर म्हणजे टॉपर, आणि टॉपर म्हणजे ज्याला सरांशी वाकडं घेणं परवडत नाही असा मुलगा. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये निवडणुका लागणार म्हणता म्हणता विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या आणि त्यावर कोरोना आला.

आणि आपली गंमत अशी की हा कायदा विद्यापीठांचा आहे. तंत्रनिकेतनं महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाला संलग्न, आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाखाली. म्हणजे पदवीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थी परिषद कायद्यात तरी आहे, त्याच आवारातल्या डिप्लोमाच्या पोरांना तीही नाही. आपल्याकडचे सीआर, एलआर म्हणजे मुलींची प्रतिनिधी, जीएस म्हणजे अख्ख्या संस्थेचा विद्यार्थी सचिव, हे सगळे संस्थेच्या मर्जीवर आहेत. प्राचार्य बदलले की पद्धत बदलते. केरळात तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्येही पक्षांच्या विद्यार्थी संघटना उघडपणे निवडणूक लढवतात. ते तसंच्या तसं इकडे आणावं असं मी म्हणणार नाही, पण तिथे जिंकून येणाऱ्याच्या मागे निदान एक संघटना उभी असते. आपल्या सीआरच्या मागे असतो तो वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्यातही निम्म्यांनी तो म्यूट केलेला.

आयटीआयमधला एक प्रकार तर मी जवळून पाहिला आहे. २००७-०८ मध्ये केंद्राने १,३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीने सुधारायची योजना आणली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, आणि ते कसं खर्चायचं हे ठरवायला संस्था व्यवस्थापन समिती. समितीचा अध्यक्ष उद्योगातला, आणि सरकारने नेमलेल्या सदस्यांमध्ये एक विद्यार्थी प्रतिनिधी. कागदावर केवढी मोठी जागा! अडीच कोटींच्या चर्चेत खुर्ची. एका आयटीआयमध्ये मी बैठकीला होतो. वेल्डिंग शॉपमधून एका मुलाला निरोप गेला, तो हात पुसत आला, हजेरीच्या रजिस्टरवर सही केली, चहा घेतला आणि गेला. बाहेर त्याच्या मित्राने विचारलं, "कशाला बोलावलं होतं रे?" तो म्हणाला, "सही पाहिजे होती." आपण प्रतिनिधी आहोत हे त्याला माहीत नव्हतं, मग बाकीच्यांनी त्याच्याकडे कसं पाहायचं?

असा आवाज नसला की काय होतं याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे विद्यावेतन. राज्यातल्या आयटीआयच्या पोरांना कित्येक दशकं महिन्याला ४० रुपये मिळत होते. २०२३ मध्ये ते ५०० झाले. ४० रुपयांत एका वेळचा वडापाव-चहा सुटतो, महिना नाही. मी निदेशक असताना त्या ४० रुपयांच्या यादीवर पोरांच्या सह्या घेत असे आणि पोरं हसत सही करत. मागणी कुणी करायची, कुणाच्या नावाने करायची, हेच त्यांना माहीत नव्हतं.

पुढे ही मुलं कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून जातात तेव्हाही तेच. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ॲप्रेंटिस हा कामगार नव्हेच, प्रशिक्षणार्थी. त्यामुळे कामगार कायदे सहसा त्याला लागू होत नाहीत, आणि युनियनवालेही त्याला आपला धरत नाहीत. जर्मनीत याच वयाच्या मुलांसाठी कायद्यातच वेगळी तरतूद आहे. ज्या आस्थापनेत किमान पाच प्रशिक्षणार्थी किंवा अठराच्या आतले कामगार असतात आणि कामगारांनी निवडलेली कामगार परिषद असते, तिथे ते आपलं वेगळं प्रतिनिधी मंडळ निवडतात, दर दोन वर्षांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपली पोरं जर्मनचे क्लास लावतात, पण क्रियापदं पाठ करताना ही बाजू त्यांना कुणी सांगत नाही.

मुलींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. मेकॅनिकलच्या साठाच्या वर्गात चार मुली. एलआर बिनविरोध, कारण बाकीच्या तिघी म्हणतात "तूच हो गं." तिचं काम काय? पाहुण्यांना पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलनाचं तबक, गॅदरिंगचं सूत्रसंचालन. मुलं तिला शोभेची समजतात आणि मुली तिला आमची बिचारी समजतात. आमच्याकडे एक एलआर होती, फार बोलायची नाही. वर्कशॉपजवळच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. एक जण आत गेली की दुसरीने बाहेर उभं राहायचं, असं बॅचमागून बॅच चाललं होतं आणि आम्हा पुरुष स्टाफला याचा पत्ताच नव्हता. तिने तोंडी सांगितलं, मग अर्ज दिला. पंधरा दिवस झाले तरी 'बांधकाम विभागाकडे पाठवलं आहे' हेच उत्तर. शेवटी तिने बाजारातून कडी आणली, ड्रिल मशीन आणि चार स्क्रू मागून घेतले आणि फिटिंगच्या तासाला स्वतः बसवली. तो जॉब मी तपासला, कडी एका सुतानेही वाकडी नव्हती. पुढच्या वर्षी एलआरसाठी तीन मुली उभ्या राहिल्या. आमच्याकडे तसं आधी कधी झालं नव्हतं.

आता तुमच्या त्या 'भाऊ'कडे येतो. तो येतो कारण त्याचा फोन लागतो. आमच्याकडची बरीच मुलं एसटीने येतात. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि शेवटची गाडी सव्वापाचला जायची. सीआरने प्राचार्यांना अर्ज दिला, प्राचार्यांनी आगाराला पत्र पाठवलं, पत्राचं उत्तर नाही. एका युवा कार्यकर्त्याने आगारप्रमुखांना फोन केला आणि गाडी पावणेसहाची झाली. मुलांनी त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो दिले तर त्यांना दोष कसा द्यायचा? जीएसबद्दलही असंच आहे. गॅदरिंगला प्रायोजक आणणारा, डीजे ठरवणारा, पुढे नगरसेवक व्हायला निघालेला पोरगा म्हणून मुलं त्याच्याकडे पाहतात, आणि त्यात थोडी थट्टा, थोडा हेवा आणि थोडा हिशेबही असतो. उद्या हा कामाला येईल! या हिशेबाला मी नाक मुरडत नाही. मात्र सीआरला तो फोन तुम्ही संस्थेतूनच लावू दिला असता तर भाऊची गरज पडली नसती. आम्ही त्यानंतर सीआरला सोबत घेऊन आगारात जायला लागलो. तिथल्या साहेबांसमोर पोरांनी स्वतः पासधारकांची यादी ठेवली की काम पत्रापेक्षा लवकर होतं.

निम्मी मुलं मतदानाला का आली नाहीत, याचं माझ्या अंदाजाने आणखी एक साधं कारण आहे. तुमच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची मुलं किती आहेत ते एकदा पाहा. आयटीआय करून किंवा बारावी करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी ही मुलं उशिरा येतात, बहुतेक वेळा वेगळ्याच बॅचमध्ये टाकली जातात, आणि उमेदवार सगळे पहिल्या वर्षापासूनच्या कंपूतले असतात. आयटीआयहून आलेल्या मुलाचा हात मशीनवर साफ असतो पण गणिताला तो घाबरतो, त्याची अडचणच वेगळी. जो आपल्याला ओळखत नाही त्याला मत द्यायला तो कशाला थांबेल? म्हणून मी वर्गातून एक सीआर ही पद्धत सोडून दिली आणि प्रॅक्टिकलच्या बॅचमधून एकेक प्रतिनिधी घ्यायला लागलो. वीस जणांत कोण कसा आहे ते महिन्याभरात सगळ्यांना कळतं. सीआर हवाच असेल तर त्या तिघांतून वर्ग निवडतो.

वेळेचंही तसंच. सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात निवडणूक घेतली की मुलं गाव, हॉस्टेलची खोली आणि आडनाव बघून मत देतात, कारण दुसरं काही माहीतच नसतं. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या, त्यात सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यावी असं आहे. उमेदवाराची ७५ टक्के हजेरी, खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा आणि छापील पोस्टरला बंदी हेही त्यातलंच. पूर्ण प्रक्रिया दहा दिवसांत. आपल्या छोट्या संस्थेला यातलं सगळं लागत नाही. हाताने लिहिलेलं पोस्टर आणि सहा आठवड्यांची वाट या दोन गोष्टी मात्र मी जशाच्या तशा उचलल्या.

बाकी मी काय करतो ते सांगतो, पटेल तेवढं घ्या. प्रतिनिधींची बैठक महिन्यातून एकदा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि ज्यांच्याकडे त्यांचं टर्मवर्क नाही अशा शिक्षकाने ती घ्यायची. आमच्याकडे ग्रंथपाल घेतात, मुलं त्यांच्यासमोर मोकळी होतात. आलेल्या प्रत्येक मुद्द्याला आठ दिवसांत लेखी उत्तर, 'नाही' असेल तर 'नाही' आणि का ते. ते उत्तर वर्गात वाचून दाखवायचं काम प्रतिनिधीचं, आमचं नाही. हजेरी, पैसे, दंगेखोरांची नावं, यातलं काहीही त्याच्याकडे मागायचं नाही. यावर स्टाफरूममध्ये कुरकुर होईल, ती सोसा. आणि टर्मच्या मध्यावर बॅचला वाटलं तर प्रतिनिधी बदलता येतो. आमच्याकडे आजवर दोनदाच बदलला गेला. एकदा तर ज्याला काढलं तोच पुढच्या वर्षी परत निवडून आला.

निवडणूक चालू ठेवावी का, असं विचारलंत. ठेवा. पण या वर्षीच्या निवडून आलेल्या मुलाला आधी बोलावून घ्या आणि विचारा की वर्गाची एखादी अडचण अशी आहे का जी पंधरा दिवसांत सुटेल किंवा सुटणार नाही हे तरी नक्की कळेल. पाण्याचा कूलर, बंद पंखा, ड्रॉइंग हॉलची किल्ली, काहीही. ती तड लावा, आणि वर्गाला ते सांगायला तुम्ही जाऊ नका, त्याला पाठवा.